एकाच घरात दोघांचे डोळे हलतात: बाळाचे आणि आजीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ साडेचार महिन्यांचा मुलगा. गेल्या दीड महिन्यापासून त्याची बुबुळं लंबकासारखी डावी-उजवीकडे हलतात. दूध पिताना आईच्या तोंडाकडे बघतो, हसतो, पण नजर ठरत नाही. बालरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला सांगितलाय. शेजारच्या काकू म्हणतात, वर्षभरात आपोआप थांबेल. त्यात तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंना पहाटे कूस बदलताना जबरदस्त चक्कर आली आणि त्यांचेही डोळे भिरभिरताना घरच्यांनी पाहिले. आईचं विचारणं: हे घराण्यात आहे का, बाळाला दिसतं का, आणि एमआरआय करायचाच का?

पहिलं आधी सांगून टाकतो, म्हणजे घरातली कुजबुज थांबेल. सासूबाईंचं आणि बाळाचं नातं आजी-नातवाचं आहे, डोळ्यांचं नाही. दोघांचीही बुबुळं हलली आणि दोन्हीला आम्ही निस्टॅग्मस हेच नाव देतो, पण ते नाव आजाराचं नाही, लक्षणाचं आहे. ताप म्हटल्यावर जसं काहीच कळत नाही, तसंच हे. ताप मलेरियाचाही असतो आणि घसा आल्याचाही.

तेवीस-चोवीस वर्षं लहान मुलांचे डोळे तपासतोय. डोळे हलतात म्हणून कुणी आलं की माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. कधीपासून हलतात? आणि ज्याचे हलतात त्याला समोरचं जग हलताना दिसतं का? बाकीच्या तपासण्या त्या दोन उत्तरांच्या मागून येतात.

मुळात डोळे कधीच स्थिर नसतात. हे वाचताना तुमची नजर सेकंदाला दोन-तीन उड्या मारतेय. एका ठिकाणी टक लावली तरी बारीक थरथर चालूच असते. प्रयोगशाळेत युक्ती करून एखादं चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अगदी एकाच जागी रोखून धरलं, तर काही सेकंदांत ते पुसट होऊन नाहीसं होतं. चालताना मान हिंदकळते, तरी दुकानांच्या पाट्या वाचता येतात, कारण कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या मानेची हालचाल ओळखतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळ्यांना तेवढंच उलट फिरवतात. फुगडी घालून एकदम थांबलात तर नळ्यांमधला द्राव जडत्वाने फिरत राहतो, मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय, आणि डोळे भिरभिरतात. तेव्हा तुमच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत बघितलं असतं तर निस्टॅग्मस दिसला असता, तोही अगदी निरोगी. रेल्वेत खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. खांबामागे हळू सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात.

हे सरकणं आणि झटका लक्षात ठेवा. झटका डोळ्यांत भरतो, म्हणून आम्ही दिशा झटक्यावरून सांगतो, 'उजवीकडे मारतोय' असं. पण बिघाड असतो तो सरकण्यात. डोळा जिथे थांबायला हवा तिथून घसरतो आणि झटका त्याला परत आणून बसवतो.

आता बाळ.

जन्मतः सुरू होणारा म्हणतात तो निस्टॅग्मस बहुतेक वेळा जन्मतः दिसतच नाही, दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो. कारण नजर एखाद्या गोष्टीवर धरून ठेवणारी यंत्रणा त्याच सुमारास जागी होते. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक टीचभर जागा बारीक दिसण्यासाठी असते. टीचभर कसली, टाचणीच्या डोक्याएवढीच. तिथे स्पष्ट चित्र आलं, तर मेंदू 'इथेच थांब' हे शिकतो. मोतीबिंदू असेल, पडद्याच्या पेशी नीट काम करत नसतील, मधली जागा तयारच झाली नसेल किंवा डोळ्याची नस बारीक असेल, तर ते शिकणं अर्धवट राहतं. दुसऱ्या गटात डोळा सगळा ठीक असतो आणि फक्त ही धरून ठेवण्याची यंत्रणाच जन्मापासून ढिली असते. अशा काही घराण्यांमध्ये एक्स गुणसूत्रावरच्या एफआरएमडी७ या जनुकात दोष असतो हे २००६ साली सापडलं.

म्हणून बाळाच्या बाबतीत 'डोळे का हलतात' या प्रश्नाचं पहिलं रूप 'डोळ्यात काही दोष आहे का' असं असतं. बाळ माझ्याकडे आलं तर पहिली पाच मिनिटं मी त्याला हात लावत नाही. आईच्या मांडीवरच राहू देतो आणि बघत बसतो. न वाजणारं खेळणं पुढे आणलं तर त्याच्यामागे बघतं का? (खुळखुळा नको. त्याने कान तपासला जातो, डोळा नाही.) दारातून उजेडात आणल्यावर डोळे घट्ट मिटून घेतं का? तसं असेल तर रंग ओळखणाऱ्या पेशींचा जन्मजात अभाव मनात येतो. मुठीने डोळे सारखे आत दाबतं का? डोळे येतात तेव्हाचं चोळणं वेगळं आणि हे खोल दाबणं वेगळं. ते पडद्याच्या गंभीर आजारात दिसतं.

मग खोलीत अंधार करून बारीक टॉर्च बुबुळाला बाजूने लावतो. निरोगी बुबुळातून प्रकाश आरपार येत नाही. पण कधी कधी काळा-तपकिरी दिसणारा तो गोल आतून लालसर उजळतो, कंदिलाच्या काचेसारखा. अशा वेळी ज्या बाळाचं 'आजोळवर गेलंय हो, कसं गोरंपान, केस तर सोनेरी' असं कौतुक झालेलं असतं, त्याला खरं तर रंगद्रव्याची कमतरता असते. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी पांढरेशुभ्र केस घेऊन येत नाही. त्वचा घरातल्यांपेक्षा दोन छटा उजळ, केस पिंगट, एवढंच असतं, आणि डोळे हलायला लागेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुढचा प्रश्न मी जरा चाचरत विचारायचो, आता सरळ विचारतो: तुमचं लग्न नात्यातलं आहे का? दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. रंगद्रव्याची कमतरता, पडद्याचे बरेचसे जन्मजात आजार हे आई आणि वडील दोघांकडून दोषाची एकेक प्रत आली की होतात, आणि नात्यातल्या लग्नात तशी प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नसतो. पुढची कोणती तपासणी आधी करायची ते ठरतं, म्हणून विचारतो.

बाहुलीत पांढरट काही दिसत असेल, मोबाईलच्या फ्लॅशमध्ये एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येत असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका, आज-उद्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हायला हवी असते. डोळे हलायला लागले म्हणजे ती वेळ निसटून गेली, असा बहुधा त्याचा अर्थ. तरीही शस्त्रक्रिया करायचीच असते. शिवाय पांढरी बाहुली हे डोळ्यातल्या कर्करोगाचंही लक्षण असतं.

एमआरआयबद्दल. एवढ्या लहान बाळाला तो गुंगी देऊन करावा लागतो, म्हणून मी तो पहिल्या दिवशी लिहीत नाही. आधी बाहुल्यांमध्ये औषध टाकून पडदा आणि नस बघतो, नंबर काढतो. पडदा दिसायला चांगला, पण बाळ बघत नसेल तर इलेक्ट्रोरेटिनोग्राम करतो. हृदयाचा ईसीजी असतो तसा हा पडद्याचा. नस बारीक किंवा फिकट दिसली तर एमआरआय हवाच, आणि सोबत संप्रेरकांची तपासणीही, कारण बारीक नसेबरोबर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतही उणीव असू शकते आणि अशा बाळांची साखर अचानक उतरते. सहा महिन्यांनंतर सुरू झालेला, वर-खाली जाणारा, किंवा एका डोळ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असणारा निस्टॅग्मस, किंवा बाळ मान धरत नाही, डोक्याचा घेर भराभर वाढतोय, अशा वेळी मीही एमआरआय लगेच सांगतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळ हातात घेऊन पाहिलंय, मी पाहिलेलं नाही. तेव्हा त्यांना सरळ विचारा, 'तुम्हाला कशाची शंका वाटली?' उत्तर 'डोळे हलतात म्हणून' एवढंच असेल तर आधी डोळे तपासून घ्या. दुसरं काही सांगितलं तर त्यांचं ऐका.

शेजारच्या काकूही अगदीच चूक नाहीत. चार महिने ते वर्षभराच्या दरम्यान सुरू होणारा एक प्रकार असतो. त्यात डोळ्यांची थरथर फार बारीक आणि वेगवान असते, मूल मान डोलावतं, मान एका बाजूला कलती ठेवतं, आणि दोन-चार वर्षांत सगळं निघून जातं. काकूंनी तसं एखादं मूल पाहिलं असेल. पण हुबेहूब तसंच चित्र डोळ्याच्या नसेवरच्या गाठीनेही उमटतं, म्हणून त्या मुलांना थांबून बघत नाही, एमआरआय करतोच. तुम्ही वर्णन केलेली मोठी, संथ, लंबकासारखी हालचाल त्यातली वाटत नाही. ती बहुधा पूर्ण थांबणार नाही. पण महिने जातील तशी लहान होत जाते, मुरते.

बाळाला दिसतं का? आईकडे बघून हसतो म्हणजे दिसतं. किती दिसतं ते कारणावर आहे. डोळा निरोगी असेल तर पुष्कळ मुलं चष्म्यासह शाळेपुरतं छान बघतात. रंगद्रव्याच्या कमतरतेत नजर सहसा ६/१८ ते ६/६० च्या दरम्यान राहते, म्हणजे निरोगी डोळा अठरा ते साठ मीटरवरून वाचतो ते याला सहा मीटरवरून वाचता येतं. आणि आयांचा जो न विचारलेला प्रश्न असतो, त्याचं उत्तर असं: त्याला जग हलताना दिसत नाही. जन्मापासून हलणाऱ्या डोळ्यांचा हिशेब मेंदू आपोआप वजा करतो. मोठेपणी ज्याचे डोळे हलू लागतात, त्याला भिंती, माणसं, अक्षरं सगळं नाचताना दिसतं. माझा तो दुसरा प्रश्न यासाठीच असतो.

म्हणजे आजींकडे वळायला हरकत नाही. कूस बदलली की घर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं, पुन्हा त्याच कुशीवर वळलं की पुन्हा फिरतं, हे वर्णन जवळजवळ निदानच आहे. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे एका चिकट थरात रुतलेले असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून काही सुटतात आणि त्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात. तपासायला माणसाला पलंगावर बसवून मान एका बाजूला वळवतात आणि झटकन आडवं करतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबकळेल असं. दोन-चार सेकंद काही होत नाही. मग डोळे फिरायला लागतात, नुसते आडवे नाहीत, चाकासारखे, खालच्या कानाकडे, आणि मिनिटभरात शांत होतात. आजी तेवढ्यात माझा दंड घट्ट पकडतात, हेही ठरलेलं. ही तपासणी १९५२ ची, डिक्स आणि हॉलपाइक यांची. उपाय एप्लींचा, १९८० च्या सुमाराचा: डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे नळीतून बाहेर घालवायचे. पाच मिनिटांचं काम, औषध नाही. पण आपल्याकडे चक्कर म्हटली की गोळी सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालते. प्रोक्लोरपेराझिन महिनोन्महिने घेऊन हात थरथरायला लागलेली, पार्किन्सनसारखी चाल झालेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

कानात सोडलेल्या पाण्याने डोळे का हलतात हे ज्याने उलगडलं त्या रॉबर्ट बारानीला १९१४ चं नोबेल मिळालं. व्हिएन्नात तो रुग्णांचे कान धूत असे. पाणी गार असलं की एका दिशेला चक्कर आणि जास्त गरम असलं की उलट दिशेला, हे त्याच्या ध्यानात आलं. पुरस्काराची बातमी आली तेव्हा गडी रशियात युद्धकैदी होता.

मात्र आजींची चक्कर कूस बदलण्यापुरती न राहता तासन्‌तास सलग चालू राहिली, उभं राहताच येत नसेल, एकाचे दोन दिसत असतील, जीभ जड झाली असेल, किंवा डावीकडे बघितलं की डोळे डावीकडे मारतात आणि उजवीकडे बघितलं की उजवीकडे, तर तो कान नसून मेंदूचा मागचा भाग असू शकतो, म्हणजे पक्षाघात. तेव्हा घरी डोकं वळवण्याचे प्रयोग करू नका, रुग्णालय गाठा. पहिल्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये मागच्या भागातला लहान पक्षाघात कधी कधी दिसतही नाही. तिथे डोळ्यांची नीट तपासणी यंत्रापेक्षा सरस ठरते, हे माझं म्हणणं नाही, आमच्या न्यूरॉलॉजीवाल्यांचंच आहे.

मोठ्यांमध्ये औषधंही कारण असतात. फिटच्या आजारात फेनिटॉइनची मात्रा रक्तात वाढली की बाजूला बघताना डोळे मारू लागतात. लिथियमने, दारूने तसंच होतं. सतत दारू पिऊन जेवण सुटलेला माणूस, किंवा गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या झालेली बाई भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तोल जाऊ लागला आणि डोळे हलू लागले, तर ती बी-१ जीवनसत्त्वाची टंचाई धरून चालायची आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी ते जीवनसत्त्व द्यायचं. यात उशीर चालत नाही, काही तासांतच करायचं असतं.

आणि 'डोळा फडफडतो' म्हणून येणाऱ्यांचं यात काही नाही. तो पापणीचा स्नायू असतो, बुबुळ नव्हे. झोप पुरी घ्या, चहा दोन कप कमी करा. उजवा लवला की डावा, हे आजीला विचारा, माझ्याकडे त्याची तपासणी नाही.

पुन्हा बाळाकडे, कारण पुढची पंधरा वर्षं त्याची आहेत. वर्ष-दीड वर्षाचा झाला की तो मान एका बाजूला वळवून टीव्ही बघेल. सरळ करायला जाऊ नका. अशा बहुतेक मुलांना नजरेची एक दिशा अशी सापडते जिथे डोळे सर्वात कमी हलतात, आणि ती दिशा समोर आणायला मूल मान वळवतं. तीच त्याची चांगली नजर. माझ्याकडे एक नववीतला मुलगा यायचा. त्याची ती जागा डावीकडे होती, म्हणून तोंड उजवीकडे, खिडकीकडे, आणि डोळे डाव्या कोपऱ्यातून फळ्यावर. वर्गात लक्ष नसतं म्हणून बाईंनी त्याला बाकावर उभं केलेलं. मी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं की याला वर्गाच्या उजव्या भिंतीलगत बसवा. तिथून फळा आपोआप डावीकडे येतो आणि मान सरळ राहते. मान फारच वळत असेल तर डोळ्यांचे स्नायू सरकवून ती शांत जागा मधोमध आणायची शस्त्रक्रिया असते, १९५३ पासून चालत आलेली. तिने मान सरळ होते. डोळे थांबतात असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

पुस्तक नाकाशी धरेल तेव्हाही ओरडू नका. जवळ बघताना डोळे आत वळतात आणि हालचाल कमी होते. शाळेच्या तपासणीत एक डोळा हाताने झाकून तक्ता वाचायला लावतात, ते मात्र थांबवा. यातल्या काही मुलांचा डोळा झाकला की दुसरा दुप्पट हलतो आणि निकाल उगीच वाईट येतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून आधी, मग एकापुढे धूसर भिंग ठेवून. नजर चष्म्यासहही बरीच कमी राहिली आणि अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली दाखला मिळतो, परीक्षेत जादा वेळही. तो घ्यायला लाजू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना एक व्हिडिओ घेऊन जा. दिवसाच्या उजेडात, तोंडाच्या अगदी जवळून, वीस सेकंद समोर बघतानाचा, मग खेळणं डावीकडे-उजवीकडे-वर नेऊन. तपासणीच्या खोलीत बाळ नेमकं झोपतं. आणि माहेरी फोन करून विचारा, तुमच्या वडिलांचे, भावाचे, मामाचे लहानपणी असे डोळे हलायचे का. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, वडिलांकडून नाही. म्हणजे एफआरएमडी७ चा प्रकार असेल तर चौकशी तुमच्या घरात करायची, आणि सासूबाईंना त्यातून पूर्ण सोडायचं.